ॲव्हरेज नेमकं कुठे जातं?

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या शंभर सीसीच्या गाडीचं ॲव्हरेज 60 वरून 48 वर आलं. वाई ते सातारा, रोज येऊन-जाऊन 70 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर सात लिटरपेक्षा जास्त पेट्रोल जादा लागतं, म्हणजे साडेसातशेच्या आसपास रुपये. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या घरात एवढ्या पैशात जवळजवळ एक सिलिंडर येतो.

एका गॅरेजवर गाडी दाखवली. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून मिळाला, बिल झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना. ॲव्हरेजची तक्रार घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी पहिला हात त्या स्क्रूलाच जातो, म्हणून सांगावंसं वाटतं : तो स्क्रू मुख्यतः गाडी जागेवर उभी असतानाचं, स्लो चालण्याचं मिश्रण ठरवतो. 50 च्या वेगाला इंजिन पेट्रोल घेतं ते मुख्य जेटमधून, सुईच्या बाजूने. तिथे या स्क्रूचं फारसं काही चालत नाही.

त्याआधी ॲव्हरेज खरंच पडलं आहे का, हे पाहायला हवं. आपण शंभराचं टाकतो आणि रिझर्व्हला लागेपर्यंत मोजतो. पण रस्ता चढाचा आहे की उताराचा, टाकी किती हिंदकळली, यावर रिझर्व्ह थोडं मागेपुढे लागतं. एका लिटरच्या हिशेबात अर्धा पेला, म्हणजे 100 मिली इकडेतिकडे झालं, तर 60 च्या गाडीत सहा किलोमीटरची चूक निघते. तीच चूक पाच लिटरवर विभागली की किलोमीटरभर उरते. म्हणून गाडी मेन स्टँडवर लावून टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरायची, अडीच-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवायची आणि त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरायची. जेवढे लिटर बसले, त्याने किलोमीटर भागायचे. मी असं दोनदा केलं. आकडा 48 च्या जवळच राहिला.

मग संशय इथेनॉलवर. आमच्या भागात तर हा विषय जिव्हाळ्याचा, कारण शेतातला ऊसच फिरून टाकीत येतो. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि आधीच्या 10 टक्के मिश्रणाशी ताडून पाहिलं तर तीन-साडेतीन टक्क्यांनी. ही घट खोटी नाही. जुन्या गाडीच्या टाकीतला साचलेला मळ इथेनॉलमुळे सुटून जेटमध्ये अडकू शकतो, तेही खरं. पण माझी तूट 20 टक्क्यांची होती. उरलेलं पेट्रोल दुसरीकडेच कुठेतरी जात होतं.

ते सापडलं दसऱ्याला. गाडी धुऊन अंगणातून ओसरीपाशी ढकलत नेली तर ती जड लागली. न्यूट्रलमध्येच होती, हवाही बरोबर होती. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं, तर ते एक वेढाही पुरा करेना. गल्लीच्या तोंडाशी जुने मेस्त्री बसतात. ते म्हणाले, "साहेब, पाच किलोमीटर ब्रेक न मारता चालवून आणा आणि मागच्या ड्रमजवळ हात धरा." हात धरवत नव्हता.

ड्रमच्या आत लोखंडी कॅम असतो. पायाने ब्रेक दाबला की तो वळतो आणि दोन्ही लायनर ड्रमला टेकतात. पाय उचलला की स्प्रिंगा त्यांना मागे ओढतात. पावसाचं चिखलपाणी आत शिरून हा कॅम गंजला होता, स्प्रिंगांना तो पूर्ण वळत नव्हता. म्हणजे सबंध पावसाळा मी ब्रेक किंचित लावूनच साताऱ्याला जात होतो आणि माझं पेट्रोल ड्रम तापवत होतं. पाय उचलल्यावर पेडल सावकाश वर येत होतं, हीच त्याची खूण. मेस्त्रींनी कॅम काढून घासला, लायनरला लागणार नाही असं बेताने ग्रीस लावलं आणि ब्रेकचा नट थोडा सैल केला.

सगळ्यांच्या गाडीत दोष इथेच असेल असं नाही. पण चाकांपासून सुरुवात करावी. टायरमधली हवा गाडी थंड असताना पाहायची. साखळी फार ताणलेली असली तरी नुकसान, सुकलेली असली तरी नुकसान. पसरणी घाट चढताना इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. क्लचच्या दांड्याला थोडी मोकळीक आहे ना, ते आधी बघा. इंजिनाकडे यायचं ते यानंतर. प्लग काढून पाहिला तर कॉफीच्या रंगाचा हवा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय : चोक अडकलाय, नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट कागदाचा फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, तो बदलायचा.

2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना तर फिरवायला तसा स्क्रूच नाही. तिथे इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला आणि इंजिन थंडच आहे असं सांगत राहिला, तर गाडी जादा पेट्रोल देत राहते. अशा वेळी मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका.

माझी गाडी पुढच्या दोन टाक्यांना 57 वर आली. आता महिन्यातून एकदा ती स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवतो. साखळीमुळे ते पुढच्याइतकं मोकळं फिरत नाही, पण परवा तीन वेढे घेतले.