आधी थांबणे, मग पळणे

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीलगत एक लाल गाडी उभी असते. फियाट पालिओ, १.६ इंजिनाची, २००२ सालची. रविवारी सकाळी आम्ही दोघे भाऊ तिचे बॉनेट उघडून उभे राहिलो की येणारा-जाणारा थांबतो. "अजून विकली नाही?" हा पहिला प्रश्न. "पार्ट कुठून आणता?" हा दुसरा. तिसरा प्रश्न तरुण मुलांचा असतो, "अंकल, किती पळते?" या तिसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला एका घाटात मिळाले. ते इथे सांगतो, कारण अनेक घरांत अशी एखादी जुनी, दमदार गाडी असते आणि तिच्याभोवती घुटमळणारा एक मुलगाही असतो.

पालिओ ही तशी मुंबईचीच लेक. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली, तिथेच ही गाडीही तयार होत असे. २००१ मध्ये ती आली तेव्हा जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. १५९६ सीसीचे इंजिन आणि १०० हॉर्सपॉवर. त्या काळच्या छोट्या गाड्यांत एवढी ताकद क्वचितच होती. पेट्रोलही तसेच लागे, त्यामुळे काही वर्षांतच ती जुन्या बाजारात स्वस्त झाली. २०१० मध्ये आम्ही दोघांनी साठवलेले पैसे एकत्र करून ती घेतली. अब्बा म्हणाले, "गाडी आणलीत की दारात हत्ती बांधलात?"

तेव्हा आम्हालाही गाडी 'बनवायची' हौस होती. पहिल्या चार वर्षांत मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवला, रुंद चाके घातली, हेडलाइटला डोळे दिपवणारे बल्ब लावले. २०१४ च्या मे महिन्यात मामेबहिणीच्या निकाहसाठी खेडला निघालो. गाडीत अम्मी, दोन मुले आणि डिकीभर सामान. कशेडीचा बोगदा तेव्हा नव्हता. घाट उतरताना पुढे ट्रकची रांग होती, म्हणून ब्रेक सतत दाबलेला. एका वळणाआधी पाय थेट तळाला गेला. ब्रेक लागलाच नाही. गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मातीत चाके घातली. गाडी थांबली. अम्मी मोठ्याने कलमा पढत होती. अलहमदुलिल्लाह, कुणाला खरचटलेही नाही.

चमत्कारिक गोष्ट अशी की अर्ध्या तासाने ब्रेक पुन्हा लागू लागला. भरणे नाक्याच्या मिस्त्रींनी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले. आत उकळलेल्या चहासारखे काळपट पाणी. "कधी बदललं होतं?" त्यांनी विचारले. आम्ही कधीच बदलले नव्हते.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात डिस्क तापली की ते उकळते, नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबत नाही. थंड झाल्यावर सगळे ठीक दिसते, म्हणूनच हा दोष फसवा. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे, एवढाच उपाय, आणि तो काही शे रुपयांचा. आम्ही सायलेन्सरवर त्याच्या कित्येक पट घालवले होते.

त्या दिवसापासून आमच्या गाडीचा क्रम ठरला: आधी थांबणे, मग वळणे, मग पळणे.

थांबण्यात ब्रेक आले आणि टायर आले. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचे रबर कडक होते आणि पहिल्याच पावसात घसरते. वळण्यात सस्पेन्शनचे बुश, शॉक ॲबसॉर्बर आणि स्टिअरिंगचे सांधे आले. रबरी बुश नवेच घ्यावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. तिथून आम्ही दरवाजाचे हँडल, काचेची मोटर, आतले प्लास्टिक आणतो. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भाग मात्र वापरलेला घेत नाही.

पळण्याची पाळी शेवटी आली, तेव्हा एक गोष्ट कळली. १०० हॉर्सपॉवर गाडीत होतेच. ते वाढवायचे नव्हते, परत मिळवायचे होते. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, साफ केलेले इंजेक्टर, नवा रेडिएटर आणि इंजिनाचे माउंट एवढ्यावर गाडी उड्या मारू लागली. टायमिंग बेल्ट मात्र मिस्त्रींकडूनच वेळेवर बदलून घेतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. पेट्रोलच्या नळ्यांचेही तसेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. २००२ चे रबर त्यासाठी बनलेले नाही. नळ्या कोरड्या पडून चिरतात, आणि गरम इंजिनाशेजारी गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून बॉनेटखाली वास आला की आम्ही गाडी सुरूच करत नाही.

घरी काय करावे आणि काय करू नये, याचीही एक रेघ आखली आहे. इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरीची टर्मिनल, वायपर, पावसाळ्याआधी काचेखालच्या जाळीत अडकलेली पाने काढणे ही कामे घरची. ब्रेक ऑइल बदलायला एक जण पेडलवर आणि एक चाकाशी लागतो. आम्ही ते मिस्त्रींच्या हाताखाली तीनदा केले, मगच स्वतः केले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. खाली पक्के स्टँड आणि चाकांना उटी हवीच. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही.

सोसायटीचे आवार आपल्या एकट्याचे नसते. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असते; सांडलेले थेंब मांजर चाटते, लहान मूलही बोट लावते. म्हणून खाली परात ठेवतो आणि जागा धुऊन-पुसून देतो. जळके ऑइल गटारात ओतत नाही. इथली गटारे शेवटी नदीला मिळतात. बोरीवलीतून जाणारी दहिसर नदी तुळशी तलावाकडून, नॅशनल पार्कातून येते. तिच्यात आपला काळा तवंग कशाला? डब्यात भरून ते गॅरेजला देतो. शेजाऱ्याचा हक्क आपल्या हौसेपेक्षा मोठा आहे.

कायदाही समजून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर दंड होतो, आणि न कळवलेल्या बदलांवर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवू शकते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि आरटीओत तपासणी होते. आमची २०१७ आणि २०२२ मध्ये झाली, इन्शाअल्लाह पुढची २०२७ मध्ये. दोन्ही वेळा मूळ सायलेन्सर आणि मूळ दिवे होते, म्हणून मान खाली घालावी लागली नाही.

आता थोरल्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा झाला आहे. घाटातल्या त्या दोन मुलांपैकी तो एक. मागच्या वर्षी तो म्हणाला, "चाचा, एक चांगला सायलेन्सर बसवू या ना." आम्ही रागावलो नाही. माळ्यावरून तो जुना सायलेन्सर काढून त्याच्यासमोर ठेवला आणि विचारले, "कशेडी आठवते?" तो गप्प झाला. मग त्याच्या हातात वही दिली: कुठला पार्ट कधी बदलला, किती किलोमीटरवर, किती रुपयांत. ब्रेक ऑइलच्या नोंदी आता त्याच्या अक्षरात आहेत.

यंदाच्या मे महिन्यात गाडी त्यानेच चालवली. बोगदा सोडून मुद्दाम जुना घाट घेतला, दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत. भरणे नाक्याला आम्ही चहाला उतरलो तेव्हा अम्मी मागच्या सीटवर गाढ झोपली होती. ती उठली आणि म्हणाली, "घाट कधी आला?"

पुन्हा कुणी "किती पळते?" विचारले की आम्ही त्याला हेच सांगतो.