आज्ञावलीच्या लेखनशैलीचे संस्करण

संगणकाची आज्ञावली एकाच वेळी दोन वाचकांसाठी लिहिली जाते. एक वाचक म्हणजे तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आणि दुसरा म्हणजे मनुष्य. ओळीच्या आरंभी किती जागा मोकळी सोडावी, महिरपी कंस कोणत्या ओळीवर उघडावा, ओळ कोठे मोडावी, यांविषयी ‘सी’सारख्या भाषेचा कंपायलर बहुतांशी उदासीन असतो. मनुष्य मात्र अर्थाचे अनुमान मांडणीवरूनच करीत असतो. म्हणूनच शेकडो हातांनी लिहिल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पांत लेखनाचे नियम ठरविलेले असतात, आणि जुने लेखन त्या नियमांत केव्हा व कसे बसवावे हा प्रश्न तेथे वारंवार उपस्थित होतो.

मांडणीचे महत्त्व किती असते, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ॲपलच्या दोषावरून ध्यानात येईल. सुरक्षित जोडणीच्या आज्ञावलीत ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवून लिहिलेल्या असल्याने दुसरीही वरील अटीच्याच अधीन आहे, असा डोळ्यांस भास होई. वस्तुतः अट फक्त पहिलीस लागू होती. दुसरी नेहमीच अमलात येई, आणि परिणामी पलीकडील संगणकाच्या स्वाक्षरीची पडताळणी टळून जाई. पुढे २०१६ साली जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मांडणीविषयी इशारा देण्याची सोय करण्यात आली.

यावरून, दिसेल तेथे मांडणी सुधारीत जावे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो घातक ठरतो. ‘गिट’ या साधनाद्वारे प्रत्येक ओळ कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिली याचा शोध घेता येतो. केवळ मोकळ्या जागा बदलणाऱ्याचे नाव त्या ओळीवर चढले, म्हणजे मूळ हेतू एक थर खाली गाडला जातो. शिवाय इतरांनी त्याच भागात केलेले, परंतु अद्याप समाविष्ट न झालेले बदल मूळ पाठाशी जुळेनासे होतात. तिसरी हानी परीक्षकाची. हजार ओळींच्या निरुपद्रवी बदलात अर्थ पालटणारी एकच ओळ दडलेली असेल, तर ती सावध परीक्षकाच्याही नजरेतून निसटते.

रूप व अर्थ यांमधील सीमा वाटते तितकी स्पष्ट नसते. ओपनएसएसएल या गूढलेखनाच्या संचात वरवर सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी दोन ठिकाणी होत्या. आरंभीचे मूल्य न दिलेली स्मृती वाचली जात असल्याची तक्रार तपासणी-साधने करीत असत. ती मिटविण्यासाठी २००६ साली डेबियनच्या आवृत्तीत दोन्ही ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एक अनावश्यक होती; दुसरी मात्र यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात नवी सामग्री घालणारी होती. ती गेल्यावर साठ्यात बदलता असा केवळ प्रक्रियेचा क्रमांक उरला, आणि तो सामान्यतः ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. मे २००८ मध्ये ही गोष्ट प्रकट होईपर्यंत तयार झालेल्या असंख्य किल्ल्या अनुमानाने शोधता येण्याजोग्या होत्या. हा बदल मांडणीचा नव्हता, ही गोष्ट खरी. तथापि ‘साफसफाई’ या एकाच नावाखाली दोन भिन्न जातींची कामे वावरतात, हे त्यावरून स्पष्ट होते. सारख्या वाक्याचे कार्य संदर्भाने पालटते, हा भाषेचा नियम येथेही लागू पडतो.

त्याच ओपनएसएसएलने जानेवारी २०१५ मध्ये आपल्या समग्र पाठाचे जे संस्करण केले, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रथम, ज्या टिपांची मांडणी जशीच्या तशी राहणे आवश्यक होते, त्यांवर हाताने खूण करण्यात आली. ही पूर्वतयारी स्वतंत्र बदल म्हणून नोंदविली गेली. त्यानंतर संपूर्ण पाठ यंत्राकडून नव्या नियमांत बसविण्यात आला, आणि संस्करणापूर्वीची व नंतरची अवस्था नावे देऊन चिन्हांकित करण्यात आली. मुख्य शाखेबरोबर तेव्हा सांभाळल्या जात असलेल्या जुन्या शाखांचेही संस्करण झाले. तसे झाले नसते, तर एका शाखेतील सुरक्षादोषाची दुरुस्ती दुसरीत नेणे दुष्कर झाले असते. संस्करणाचे साधन प्रकल्पातच ठेवल्यामुळे प्रलंबित बदलांनाही तोच संस्कार देणे शक्य झाले.

अशा कामाची तपासणीही यांत्रिक असू शकते. केवळ मांडणी बदलली असेल, तर ओळींचे क्रमांक नोंदविणारे भाग वगळता कंपायलरने निर्माण केलेली यंत्रभाषा पूर्वीसारखीच राहिली पाहिजे. पायथनसारख्या भाषेत मात्र ओळीआधीची मोकळी जागाच रचना ठरविते. तेथे सावधगिरी अधिक हवी. इतिहास झाकला जाण्याच्या अडचणीवरही उपाय निघाला आहे. ऑगस्ट २०१९ मधील गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, ठरावीक बदल वगळून ओळीचा मूळ कर्ता शोधता येतो. गो भाषेने तर आरंभापासूनच ‘गोफम्ट’ हे साधन देऊन मांडणीविषयीचा वाद लेखकांच्या हातून काढून घेतला.

नवागतांचा प्रश्न यांहून नाजूक आहे. मांडणीची दुरुस्ती हे प्रवेशाचे सोपे द्वार वाटते, परंतु तिचा भार अनुभवी परीक्षकावर पडतो. लिनक्स कर्नेलमध्ये ‘स्टेजिंग’ या विभागात अशा दुरुस्त्यांना वाव दिला जातो. इतरत्र, त्या भागात अन्य काम चालू नसता केवळ मांडणीसाठी केलेला बदल सहसा स्वागतार्ह ठरत नाही. नवागतास उमेदवारीची जागा मिळते आणि स्थिरावलेला पाठही सुरक्षित राहतो, असा या व्यवस्थेचा दुहेरी लाभ आहे.

सारांश, मांडणीचा बदल व अर्थाचा बदल एकाच नोंदीत कधीही एकत्र करू नयेत. मांडणीचे काम शक्यतो यंत्राने, एकदाच व पूर्वसूचना देऊन करावे. आणि जी ओळ निरर्थक भासते, ती काढण्यापूर्वी ती तेथे का आली याचा इतिहास वाचावा. डेबियनमधील ती ओळही निरर्थकच भासली होती.