मान टाकण्याआधी

बारामती-इंदापूर पट्ट्यात चर्चा होते ती ऊस, दूध आणि पोल्ट्रीच्या लांबलचक शेडची. पण वस्तीवर दारात पाच-दहा गावरान कोंबड्या असतातच. शेडमधल्या पक्ष्यांना लस तारखेवर मिळते; दारातल्या कोंबडीकडे मात्र ती मान टाकेपर्यंत कोणी बघत नाही.

कोंबडीचा स्वभावही याला कारण. दुबळ्या पक्ष्याला बाकीचे टोचून हैराण करतात, म्हणून ती दुखणं शेवटपर्यंत लपवते. ते ओळखायची वेळ म्हणजे सकाळी खुराडं उघडताना. धडधाकट कोंबड्या धडपडत बाहेर पडतात. मागे राहून, पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली हातात घ्यावी. तुरा काळपटलाय का, नाक वाहतंय का, शेपटीखालची पिसं विष्ठेनं चिकटलीत का, ते पाहावं. छातीचं हाड धारेसारखं हाताला टोचलं, तर ती बऱ्याच दिवसांपासून खंगतेय. गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्री भरलेली असते, सकाळी रिकामी हवी.

खुडूक कोंबडी मात्र फसवते. तीही फुगून बसते, खाणं सोडते; पण हात लावला की अंगावर येते. आजारी कोंबडीत तेवढं त्राण नसतं.

सगळ्यात धास्ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून घेतलेला श्वास, लुळे पडलेले पंख-पाय आणि पिळवटलेली मान. रोग विषाणूचा, त्यावर औषध नाही. लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून. अडचण अशी, की एका कुपीत 100 किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि कालवलेली लस काही तासांतच संपवावी लागते. त्यावर साधा तोडगा म्हणजे आळीनं मिळून एकाच दिवशी लस द्यायची.

आजारी कोंबडी आधी वेगळी काढावी. डालग्याखाली, सावलीत, स्वतंत्र पाण्याच्या भांड्यासह. दाणापाणी आधी निरोगी पक्ष्यांना, मग तिला, नंतर साबणानं हात. शेजारच्या पोल्ट्रीतली उरलेली अँटिबायोटिकची पुडी देणं हा उपचार नव्हे. मात्रा चुकते आणि औषध अंड्यात उतरतं.

त्याहून वाईट खोड म्हणजे एक मेली, की उरलेल्या घाईनं आठवडी बाजारात नेऊन विकायच्या. रोग असाच गावोगाव फिरतो. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो 2006 मध्ये आपल्याच नवापूरला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात सुमारे 800 कोंबड्या दगावल्या. इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. तेही हा रोग आणू शकतात, म्हणून तिथल्या वस्त्यांनी कोंबड्यांचं दाणापाणी झाकलेल्या जागीच ठेवावं.

एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 वर कळवा. डॉक्टर येईपर्यंत मेलेली कोंबडी सोलू नका आणि नीरा डाव्या कालव्यात तर मुळीच टाकू नका.