आकाशात वीज गेली तर

घरातली वीज गेली म्हणजे आपण मेणबत्ती शोधतो, फ्यूज पाहतो, नाहीतर वायरमनला निरोप धाडतो. विमानात काय करीत असतील? एका घडलेल्या प्रसंगावरूनच आपण ते पाहू.

७ जानेवारी २००८ रोजी क्वान्टास कंपनीचे एक बोइंग ७४७ विमान लंडनहून बँकॉकला येत होते. आत ३६५ माणसे होती. इंजिने चार, आणि प्रत्येकावर सायकलच्या डायनामोचा थोरला भाऊ शोभेल असे एक जनित्र. एक रुसले तर दुसरे आहे, दुसरे रुसले तर तिसरे. मग भीती कसली? पण विमान उतरू लागले असता त्यांपैकी तिघांचा पुरवठा तुटला. जनित्रे धडधाकट होती. स्वयंपाकघरातले सांडपाणी बाहेर न जाता खालच्या कप्प्यात झिरपले होते, आणि तेथेच त्यांच्या नियंत्रक पेट्या होत्या. पहारेकरी अनेक ठेवले, पण निजविले एका गळक्या छपराखाली, असा हा प्रकार!

विमान कोसळले नाही. इंजिने आपल्या बळावर चालतच होती. मात्र मार्ग दाखविणारी, इशारा देणारी, बोलणे पोचविणारी कितीतरी उपकरणे मुकी झाली. अशा वेळी बॅटरी पुढे येते, पण ती सर्वांना पोसत नाही. वेग, उंची, विमानाचा कल आणि रेडिओ एवढ्यांचीच ती काळजी वाहते, आणि तीही सुमारे अर्धा तास.

म्हणून एकाने विमान हाकावयाचे, दुसऱ्याने सूचनांची यादी वाचावयाची, आणि जवळचे विमानतळ गाठावयाचे, हा रिवाज. तुटलेला प्रवाह पुन्हा पुन्हा जोडून पाहण्याची आपली घरगुती खोड तेथे घातक ठरू शकते. १९९८ साली स्विसएअरच्या विमानात तारेच्या ठिणगीतून आग भडकली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता. कॅनडाच्या किनाऱ्यापाशी ते समुद्रात पडले आणि २२९ जण गेले. धुराचा पहिला वास आल्यापासून तोवर जेमतेम वीस-एकवीस मिनिटे झाली होती.

बँकॉकचे विमान दिवसाउजेडी सुखरूप उतरले. विमानतळ जवळ होता, हेही विसरता येत नाही. हेच काही तास आधी घडते, तर अर्ध्या तासाच्या बॅटरीने ते कोठवर गेले असते? पुढे कंपनीने याच जातीची आपली इतर विमाने तपासली, तेव्हा पाणी अडविण्यासाठी बसविलेल्या आच्छादनांना आणखी काही विमानांतही तडे गेलेले आढळले.