अर्ध्या सेकंदातला खांदेपालट

गाडीच्या पोटात : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला प्लॅनेटरी गिअरांचा संच उघडून पाहिला. त्यातले दात एकमेकांतून कधीच सुटत नाहीत. संचातला कोणता भाग धरून ठेवला आणि कोणता मोकळा सोडला, यावर गिअर ठरतो. ही धरसोड तेलाच्या दाबावर चालणारे क्लच करतात, इथवर आपण आलो होतो. आता, या क्लचना ‘धर’ आणि ‘सोड’ हे सांगते कोण?

पूर्वी तेलच सांगायचे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आणला. त्यानंतरची कित्येक दशके ऑटोमॅटिक गाड्या साधारण एकाच युक्तीवर चालल्या. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर गव्हर्नर बसवलेला असे; गाडीचा वेग वाढला की त्यातून येणारा तेलाचा दाब वाढे. दुसरा दाब ॲक्सिलरेटरकडून, केबलने किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमने ठरे. हे दोन दाब एका बोटभर सरकत्या व्हॉल्व्हच्या दोन टोकांना भिडत. वेगाची बाजू जिंकली की वरचा गिअर पडे. ओव्हरटेक करायला पाय जोरात दाबला की दुसरी बाजू जिंके आणि गाडी खालच्या गिअरवर येई. एकही वायर नाही, पण हिशेब चोख! अशा व्हॉल्व्हांचा चक्रव्यूह कोरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. यंत्रकलेतल्या देखण्या वस्तूंची यादी केली, तर मी तिला बरीच वर ठेवीन.

पण या तेलाला जगातल्या दोनच गोष्टी कळत : वेग आणि पाय. समोर घाट आहे, तेल अजून थंड आहे, क्लच झिजला आहे, यातले काहीच त्याच्या कानावर जात नसे.

रेनॉने १९६९ मध्ये आणि टोयोटाने १९७० मध्ये हा निर्णय इलेक्ट्रॉनिक सर्किटकडे सोपवून पाहिला. ऐंशीच्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि ही पद्धत रुळली. गव्हर्नर गेला, सेन्सर आले. एक गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतो, एक बाहेर जाणाऱ्याचे, एक तेलाचे तापमान. इंजिन किती जोर लावते आहे आणि ब्रेकवर पाय आहे का, हेही कळत राहते. ही सगळी खबर ट्रान्समिशन कंट्रोल युनिटकडे, म्हणजे टीसीयूकडे जाते.

मात्र टीसीयू स्वतः एकही गिअर हलवत नाही. तो फक्त सोलेनॉइड व्हॉल्व्हना करंट देतो, तोही सहसा एखाद्या अँपिअरच्या आतबाहेर. सोलेनॉइडमधली कॉइल एक छोटी दांडी ओढते आणि तेवढ्याने क्लचकडे जाणाऱ्या तेलाचा दाब कमीजास्त होतो. क्लच दाबायचे कष्ट अजूनही तेलाचेच. आपल्या टायरमध्ये हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो. इथे जोर लागतो तेव्हा तेलाचा दाब पंधरा-वीस बारपर्यंत चढतो.

कोणता गिअर टाकायचा हे ठरवणे त्यामानाने सोपे. खरी कसोटी पुढच्या अर्ध्या सेकंदात असते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना एका क्लचने पकड सोडायची आणि दुसऱ्याने घ्यायची, तीही इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत असतानाच. मॅन्युअल गाडीत आपण क्लच दाबून जोर तोडतो. इथे तो तोडायचा नाही. पालखीचे भोई चालता चालता खांदा बदलतात, तसे हे काम आहे. नवा खांदा दांडीखाली टेकल्याशिवाय जुना निघत नाही.

नवा क्लच उशिरा धरला, तर क्षणभर भार कुणावरच नसतो आणि इंजिन मोकळे सुटून उगाच गुरगुरते. तो लवकर धरला, तर दोन गिअर एकदम लागल्यासारखी गाडी अडते आणि मागे बसलेल्याची मान पुढे जाते. म्हणून टीसीयू नव्या क्लचमध्ये आधी नुसते तेल भरून ठेवतो. प्लेटा जवळ येतात, पण आवळत नाहीत. मग एकाचा दाब उतरवत दुसऱ्याचा चढवला जातो. भार नव्या क्लचकडे गेला, तरी इंजिन अजून जुन्याच वेगाने फिरत असते. ते नव्या गिअरच्या वेगाला उतरताना त्याच्या फिरत्या भागांतली ऊर्जा कुठेतरी जाणारच. ती झटका होऊन आपल्या पाठीत बसू नये, म्हणून टीसीयू इंजिनाच्या कंट्रोल युनिटला क्षणभर जोर कमी करायला सांगतो. पेट्रोल इंजिनात स्पार्क जरा उशिरा पाडला जातो, डिझेलमध्ये इंधन आखडले जाते. गिअर ‘लोण्यासारखा’ पडला म्हणून आपण ज्या गिअरबॉक्सचे कौतुक करतो, त्यातला मोठा वाटा इंजिनाच्या या समजूतदार माघारीचा असतो.

झेडएफ या जर्मन कंपनीच्या २००९ साली आलेल्या आठ गिअरांच्या बॉक्सचे उदाहरण घ्या. त्यात धरसोड करणारे क्लच आणि ब्रेक मिळून पाचच आहेत. कोणत्याही गिअरमध्ये तीन धरलेले, दोन सुटलेले. शेजारच्या गिअरवर जायला एक सोडायचा, एक धरायचा. दोनच सुटे असल्याने प्लेटांच्या घासण्यात वाया जाणारी शक्तीही कमी.

झिजलेल्या प्लेटांना जवळ यायला जास्त तेल लागते. हे टीसीयूला कसे कळते? दोन शाफ्टांच्या फेऱ्यांवरून. गिअर दोनास एकचा असेल, तर आत ३,००० फेरे असताना बाहेर १,५०० असायलाच हवेत. बदल होताना आतले फेरे अपेक्षेपेक्षा वर गेले, म्हणजे क्लचने धरायला वेळ लावला. पुढच्या खेपेला तेल थोडे आधी सोडायचे, अशी नोंद तो करून ठेवतो. दुरुस्तीनंतर काही गाड्यांत या नोंदी पुसाव्या लागतात आणि मग थोडे दिवस गिअर धसमुसळे पडतात. तेव्हा ‘चालवा, गाडी शिकेल’ असे मेकॅनिक म्हणाला, तर तो टाळतोच आहे असे समजू नये.

घाटातले शहाणपणही याच हिशेबातून आले. इंजिन जोर लावते आहे पण गाडी तितकी पळत नाही, म्हणजे चढ. मग टीसीयू वरचा गिअर टाकायची घाई करत नाही. नाहीतर खंबाटकीच्या प्रत्येक वळणाला तिसरा-चौथा-तिसरा असा खेळ चालला असता. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, ब्रेक दाबला जातो आहे आणि तरी वेग हटत नाही, म्हणजे उतार. अशा वेळी बऱ्याच गाड्या आपणहून खालचा गिअर टाकून इंजिनाचा ब्रेक लावतात. तरी लांब उतारावर मी गिअर स्वतःच खाली घेतो. पुढचे वळण मला दिसते, टीसीयूला नाही.

आणि टीसीयूच बंद पडला तर? तुटलेली वायर किंवा बिघडलेला सेन्सर लक्षात आला की अनेक गिअरबॉक्स सोलेनॉइडचा करंट तोडून टाकतात. करंट नसताना तेलाने कोणत्या वाटेने जायचे हे व्हॉल्व्ह बॉडीत आधीच ठरवलेले असते. त्या वाटेने एकच गिअर मिळतो, अनेक जुन्या बॉक्समध्ये तिसरा. गाडी सिग्नलवरून जड उठते, पण गॅरेजपर्यंत जाते. लिव्हर केबलने जोडलेला असेल, तर बहुधा रिव्हर्सही पडतो.

पुढच्या आठवड्यात लहान गाड्यांतला एएमटी. त्यात टॉर्क कन्व्हर्टरही नाही आणि प्लॅनेटरी संचही नाही.