एका गळ्याची दिंडी

तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. त्या वाटेवर कधी डोळे मिटून दिंडी ऐकली आहे? शंभर कंठ एकच अभंग गातात, पण ऐकू येतो तो एका माणसाचा शंभरपट मोठा आवाज नव्हे. तो भरदार असतो, रुंद असतो, आतून हलत असतो. असं का व्हावं?

कारण त्यातले कोणतेही दोघे तंतोतंत एकसारखे गात नाहीत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे सात मीटर मागच्या टाळकऱ्याचा आवाज २० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो! शिवाय प्रत्येकाचा स्वर केसभर वरखाली आणि प्रत्येकाची दिशा निराळी. बेलवाडीच्या गोल रिंगणात तर वारकरी धावतात, तेव्हा दिशाही फिरू लागते.

उशीर, स्वरातला फरक आणि दिशा. कोरस नावाचा प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, हे तिन्ही एकाच गळ्यातून निर्माण करतो.

तो आवाजाची प्रत काढतो, २० मिलिसेकंद अडवून ठेवतो आणि मूळ आवाजात मिसळतो. पण उशीर ठरावीकच राहिला तर काही कंपनं कायमची एकमेकांना खोडतात, आवाज पत्र्याच्या पाइपातून आल्यासारखा पोकळ होतो. म्हणून उशीरच झुलवायचा: १७ ते २३ मिलिसेकंद, दोन सेकंदांत एक हेलकावा. हेच मॉड्युलेशन. आता नवल पाहा, स्वराला कुणी हात लावलेला नाही, तरी स्वर बदलतो! उशीर वाढत असताना प्रतीतल्या लाटा ताणल्या जातात, स्वर उतरतो. उशीर घटताना लाटा दाटतात, स्वर चढतो. किती? एक टक्क्याच्या आत. पेटीवर सा पासून कोमल रे सुमारे सहा टक्के वर असतो. त्यापुढे हे काहीच नाही. पण कानाला तेवढंच पुरतं, त्याला दुसरा गायक भेटतो.

मग येतो स्टिरिओ. दोन प्रती, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि झुलणं उलट: डावी चढते तेव्हा उजवी उतरते. बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ओळखतो! त्याच मेंदूला इथे दोन्ही कानांतून सतत बदलता, वेगळा आवाज मिळतो. एक जागा ठरत नाही, आणि आवाज पसरतो. ही युक्ती जुनीच: १९७५ च्या रोलँड जेसी-१२० या गिटारच्या अँप्लिफायरमध्ये एका स्पीकरमधून साधा आवाज येई, दुसऱ्यातून झुलता. मिसळण्याचं काम खोलीतली हवा करी. पुढच्याच वर्षी बॉस सीई-१ ने ही करामत पायाने चालवायच्या पेडलमध्ये आणली.

माझं मत विचाराल तर मूळ आवाज मधोमध ठेवावा, प्रती कडेला, आणि खर्जाला कोरस लावूच नये. एक मात्र कराच: काम संपवण्याआधी मोनोचं बटण दाबून ऐका. पुष्कळ लोक गाणं फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकतात; तिथे डावं-उजवं एक होतं, आणि शब्द तिथेही स्वच्छ कळले पाहिजेत.