पडदा भरलाच पाहिजे का?

चित्रपटाला गोष्ट असते, गाणी असतात, नट-नट्या असतात. तसा त्याला एक आकारही असतो, हे आपण प्रेक्षक सहसा ध्यानात घेत नाही. चित्र किती रुंद नि किती उंच, हे दिग्दर्शकानं आणि छायालेखकानं चित्रीकरणाआधीच ठरवलेलं असतं. नायिकेच्या डोक्यावर किती आभाळ ठेवायचं, दाराच्या चौकटीत कोण उभं राहणार, हा सगळा हिशेब त्या आकाराच्या आत मांडलेला असतो. बँकेत लेजरचं पान असतं ना, तसंच. कडेचा एक रकाना फाडला, की बाकीचे आकडे खरे असूनही ताळा लागत नाही.

मूकपटांच्या काळी चित्राची रुंदी उंचीच्या साधारण १.३३ पट असे. बोलपट आल्यावर फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली आणि १९३२ साली हॉलिवूडमध्ये १.३७ हे माप ठरलं. आपले प्रभातचे बोलपट याच जवळजवळ चौकोनी घराण्यातले. मग दूरचित्रवाणीनं अमेरिकेतली थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा १९५३ मध्ये ‘द रोब’ हा सिनेमास्कोप चित्रपट आला. फिल्मवर चित्र आडवं आवळून निम्म्या रुंदीत बसवायचं आणि दाखवताना खास भिंगानं पुन्हा दुप्पट पसरायचं, अशी ती युक्ती. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ याच पद्धतीनं केला.

१९७० च्या सुमारास आमच्याकडच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ऑपरेटर ते भिंग लावायला विसरला, की पडद्यावर सगळी माणसं काडीसारखी उंच दिसत आणि तंबूतून एकच आरोळी उठे, ‘लेन्स बदल!’ वाक्यावाक्याला शिट्ट्या मारणारं ते पब्लिक आकाराच्या बाबतीत मात्र फार चोखंदळ होतं.

आता रिळं गेली. २००५ साली हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल चित्रपटाचे नियम ठरवले. २०४८ ठिपके रुंद आणि १०८० उंच अशी एक चौकट. तिच्यात ‘फ्लॅट’ चित्र १९९८ बाय १०८०, ‘स्कोप’ चित्र २०४८ बाय ८५८. भिंग काढून दुसरं बसवायला नको. मोटर त्याला पुढं-मागं, वर-खाली करते आणि प्रत्येक आकारासाठीची जागा यंत्राच्या स्मरणात ठेवता येते. रीतसर आलेल्या चित्रपटाच्या फाइलच्या नावातच तो फ्लॅट की स्कोप याची खूण असते. खेळांची यादी लावतानाच आज्ञा देऊन ठेवली, की पुढचं यंत्र पाहतं. म्हणूनच मल्टिप्लेक्समध्ये एक माणूस अनेक पडदे सांभाळू शकतो.

पंचाईत होते ती लॅपटॉप, डिस्क किंवा क्रिकेट सामन्याचं थेट प्रक्षेपण जोडलं की. त्यांचं चित्र १९२० बाय १०८० चं, आणि त्याच्या आत खरा चित्रपट कोणत्या आकाराचा आहे, हे यंत्राला कोण सांगणार?

आमच्या शहरातल्या एका सभागृहात काही वर्षांपूर्वी ‘संत तुकाराम’ दाखवला गेला. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा हा चित्रपट, व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेलेला. पडदा स्कोपचा, लांबच लांब. आदल्या खेळाची स्कोपची सेटिंग तशीच होती आणि चित्र ताणून रुंद केलेलं. परिणाम असा, की विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा चांगले तीस टक्के जाड झाले. आवलीचं घरही ऐसपैस झालं! वर-खाली मिळून चित्राचा पाचवा भाग पडद्याबाहेरच्या काळ्या कापडावर पडत होता. तुकोबांच्या शेजारी बसलेल्या पोरांची नुसती डोकी उरलेली.

मी प्रोजेक्शनच्या खोलीत गेलो. पंचविशीतला एक मुलगा होता.

“अरे बाबा, चित्र ताणलंय.”

“माहितीय काका. पण पडदा भरला नाही तर लोक ओरडतात. मागच्या वेळी एकानं पैसे परत मागितले.”

मला त्याचा राग आला नाही. अज्ञान त्याचं नव्हतंच. त्यानं खेळ थांबवला आणि पाच मिनिटांत सगळं जागेवर आणलं. आधी ताण काढून चित्राचा मूळ आकार घेतला. मग फ्लॅटची सेटिंग बोलावून चित्र लहान केलं, म्हणजे उंची पडद्यात बसली. झूम बदललं की चित्र जरा सरकतं, म्हणून ते मध्यावर आणलं. फोकस सगळ्यात शेवटी, कारण झूमबरोबर तोही हलतो. हा क्रम उलटा केला, की तीच कामं दोनदा करावी लागतात, असं तो म्हणाला. कडेचे काळे पडदे आत ओढले गेले. चित्रानं आता पडद्याची निम्म्याहून थोडी अधिक रुंदी व्यापली होती, आणि तुकोबा पुन्हा सडपातळ झाले.

खाली येऊन बसतो तोच मागच्या रांगेतले गृहस्थ पत्नीला म्हणाले, “एवढा मोठा पडदा आणि चित्र बघ एवढंसं.”

घरोघरच्या टीव्हीवर हेच चाललेलं असतं. जुना कृष्णधवल चित्रपट लागला, कडेला दोन काळ्या पट्ट्या दिसल्या, की कुणीतरी रिमोट उचलून चित्र ‘फुल’ करतं. ताणलं तर माणसं फुगतात; न ताणता मोठं केलं तर वरचा-खालचा मिळून जवळजवळ पाव भाग कापला जातो. संशय आलाच, तर पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधावी. बैलगाडीचं चाक, ताट, चंद्र. ती लंबगोल दिसली, तर रिमोटवर चित्राच्या आकाराचं बटण किंवा मेनू असतो, तिथं ‘ओरिजिनल’ निवडावं.

त्या मुलानं नंतर यंत्रात आणखी एक सेटिंग साठवून ठेवली. फ्लॅट, स्कोप, लॅपटॉप अशी नावं आधीच चिकटपट्टीवर लिहून लावलेली होती. त्यांच्याखाली त्यानं मार्करनं लिहिलं, ‘जुना, १.३७’.